माळ्यावरचा स्पेक्ट्रम खाली काढलाय? बटण दाबण्याआधी इथे या

झेड_ऐंशी

जुन्या होम कॉम्प्युटरबद्दल इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं, दोन उत्तरं येतात आणि विषय वाहून जातो. म्हणून हा एक धागा. 'कुठे विकता येईल' हे इथे विचारू नका. यंत्र जिवंत कसं ठेवायचं एवढंच बोलू.

आपल्याकडच्या घरांतून आणि शाळांतून निघतात ती यंत्रं मोजकी. सिंक्लेअर स्पेक्ट्रम (१९८२), त्याचा प्लस अवतार (१९८४) आणि १९८६ पासून भारतात परवान्याने बनलेला डेसिबेल्सचा 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. शाळांमध्ये १९८४ च्या 'क्लास' योजनेतला बीबीसी मायक्रो. परदेशातून कुणीतरी आणलेला कमोडोर ६४. क्वचित अमिगा. त्यानंतरचे एक्सटी, ३८६ वगैरे पीसी या धाग्यात चालतील, पण पाहुणे म्हणून.

आता मुख्य मुद्दा. तीस-पस्तीस वर्षं पडून असलेलं यंत्र पडून राहिल्याने सहसा मरत नाही. मरतं ते खाली काढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत. 'लागतंय का बघू' म्हणून हाताला येईल तो अ‍ॅडॉप्टर खुपसला जातो आणि मेमरीच्या आठ चिप एकदम जातात. पहिल्या दिवशी यंत्राला वीज द्यायची नाही. फक्त अ‍ॅडॉप्टर एकटा भिंतीला लावायचा आणि मल्टिमीटरने मोजायचा.

स्पेक्ट्रमच्या मूळ अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लिहिलेलं असतं. बिनभाराचा मोजला तर १३-१४ दाखवेल. घाबरू नका, आत साधा ट्रान्सफॉर्मर आहे, रेग्युलेटर नाही. खरी गोम पिनेत आहे: मधली बाजू ऋण, बाहेरची धन. आजचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या बरोबर उलटे असतात.

---

नवीपेठ_४७

उत्तम धागा. थेट प्रश्न विचारतो. स्पेक्ट्रम प्लस आहे, अ‍ॅडॉप्टर हरवलाय. घरातल्या राउटरचा ९ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पिनेत फिट बसतो. चालेल का?

---

शेंगाचटणी

नाही! फिट बसतो हाच तर घोळ आहे. पिनेचं माप तेच आहे, ध्रुव उलटे. लावलात की ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर आणि मेमरीची बाकी व्होल्टेज बनवणारा टीआर-४ ट्रान्झिस्टर दोघांवर बेतेल.

९ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस अ‍ॅडॉप्टर घ्या, वायर कापा, पिनेकडचे दोन धागे उलटे जोडा, डाग द्या, वर हीटश्रिंक नळी. मग पुन्हा मोजा: मीटरची काळी वायर पिनेच्या आत, लाल बाहेर, आकडा अधिक चिन्हाने यायला हवा. उणे आला तर उलटं जोडलंय. त्या अ‍ॅडॉप्टरवर मार्करने ठळक 'फक्त स्पेक्ट्रम' लिहा, नाहीतर पुढे घरातलं कुणीतरी तोच राउटरला लावेल आणि राउटर जाईल.

---

चाटीगल्ली

अ‍ॅडॉप्टरच्या विषयाला आपल्या सोलापूरची पुरवणी. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० च्या पुढे असते. स्पेक्ट्रममधला ७८०५ वरचं सगळं व्होल्टेज उष्णता करून जाळतो. हिशेब सोपा आहे: आत १२ येताहेत, बाहेर ५ जाताहेत, प्रवाह साधारण ०.८ अँपिअर. (१२ - ५) × ०.८ म्हणजे ५.६ वॅट. एवढी उष्णता बंद काळ्या डब्यात, एका पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर. रात्री लाइनचं व्होल्टेज चढलं की १२ चे १३-१४ होतात आणि आकडा आणखी वाढतो.

इलाज दोन. एक, वर सांगितला तसा स्थिर ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, म्हणजे (९ - ५) × ०.८ = ३.२ वॅट. जवळजवळ निम्मं. दोन, ७८०५ काढून त्याच तीन पायांत बसणारा स्विचिंग रेग्युलेटर. त्याला हीटसिंकच लागत नाही. दुसरा शुद्धतावाद्यांना खपत नाही. पण सोलापुरात मे महिन्यात मशीन चालवायचं असेल तर शुद्धता बाजूला ठेवा. काढलेला ७८०५ पुडीत बांधून डब्यातच ठेवा, परत लावता येतो.

---

झेड_ऐंशी

+१. कमोडोर ६४ वाल्यांनी तर हे दुप्पट लक्षपूर्वक वाचावं. त्याची वीजपेटी आतून रेझिनने भरलेली असते, उष्णता बाहेर जात नाही. रेग्युलेटर बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते, ६-७ पर्यंतही, आणि पहिली आहुती मेमरीची पडते. फ्यूज वाचवत नाही, कारण बोर्डावरचा फ्यूज ९ व्होल्ट एसीच्या लाइनवर आहे, ५ व्होल्टच्या नाही.

मोजायचं असं: गोल डिन प्लगमध्ये ५ नंबरची पिन +५, २ नंबरची ग्राउंड. ६ आणि ७ मध्ये ९ व्होल्ट एसी. थंड असताना आकडा बरोबर येईल, त्यावर विश्वास ठेवू नका. ४.७ ओहम, १० वॅटचा सिमेंटचा रेझिस्टर ५ व्होल्टवर लावा, म्हणजे साधारण एक अँपिअर ओढला जाईल. रेझिस्टर चांगलाच तापतो, फरशीवर किंवा मातीच्या पणतीत ठेवा. अर्धा तास दर पाच मिनिटांनी मोजा. ५.२५ च्या वर गेला की ती पेटी संपली. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, रेझिन फोडताना आतलं सगळं तुटतं.

अमेरिकेतून आलेला असेल तर पेटी १२० व्होल्टची आहे. खालचं लेबल वाचल्याशिवाय भिंतीला लावू नका. आणि ते यंत्र एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीचं आहे. आपल्याकडच्या जुन्या, पाल पद्धतीच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येईल किंवा घरंगळत राहील. तो बिघाड नव्हे.

---

मास्तर_निवृत्त

शाळेच्या अडगळीतल्या बीबीसी मायक्रोबद्दल. याची वीजपेटी यंत्राच्या आतच असते आणि थेट २३० व्होल्टवर चालते. आत मेन्स फिल्टरसाठी रिफा जातीचे कागदी कपॅसिटर आहेत, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. पारदर्शक पिवळट आवरणाला बारीक चिरा पडतात, चिरांतून दमट हवा आत जाते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत फट्ट आवाज, खोलीभर घाण धूर. यंत्र बहुधा वाचतं, पण आतली काजळी पुसायला दिवस जातो.

यंत्र सुरू होत असो वा नसो, हे आधी बदला. एक्स-२ वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर लागतात. दुकानात 'पॉइंट वनचा कंडेन्सर द्या' म्हटलं तर पंख्याचा किंवा साधा डीसीचा देतील, तो इथे चालत नाही. अंगावर 'एक्स २' छापलेलं पाहूनच घ्या. पेटी उघडण्याआधी प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावून शून्य आल्याची खात्री करा. बंद पेटीतही तीनशेच्या आसपास डीसी बसून राहू शकतो.

पहिल्यांदा वीज देताना ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. वायरमनकडे सिरीज बोर्ड असतोच. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्बने हे होत नाही.

---

डाळिंब_बागाईत

एक शंका. सगळे म्हणतात जुने कपॅसिटर सरसकट बदला. ते खरंच करावं का?

---

झेड_ऐंशी

माझं मत: सरसकट नाही. यंत्र पाहून ठरवा.

अमिगा ६०० आणि १२०० मध्ये बोर्डावर चिकटवलेले छोटे गोल कपॅसिटर आहेत. ते गळतात, खालचे ट्रॅक खातात. ते चालू यंत्रातूनही काढाच. स्पेक्ट्रममध्ये आडवे, दोन टोकांना तार असलेले आहेत, २२ मायक्रोफॅरड १६ व्होल्ट, १ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट असे. संच स्वस्त आहे, बदलायला तासभर पुरतो, पण सोल्डरगन जास्त वेळ टेकवली तर त्या बोर्डाचे ट्रॅक कागदासारखे उचलतात. हात बसलेला नसेल तर आधी भंगारातल्या रेडिओच्या बोर्डावर सराव.

बॅटरीच्या बाबतीत मात्र दुमत नाही. अमिगा ५०० प्लस, ५०० च्या पोटातलं मेमरी कार्ड, ३८६-४८६ चे मदरबोर्ड: यांत निळी किंवा हिरवी नळीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. आजच कापून टाका. गळालेला द्रव अल्कली असतो, म्हणून आधी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस बुडबुडे थांबेपर्यंत, मग पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. नुसतं अल्कोहोल फिरवलं तर हिरवा थर तिथेच राहतो आणि खाणं चालू राहतं.

---

अशोकचौक_लूम

मालक, आपल्या गावातली खरी धूळ कुणीच सांगेना. पूर्व भागात घर असंल तर धूळ म्हणजे निम्मी रुई. चादर-टॉवेलच्या मागावरनं उडालेले तंतू बारीक फटीतनं आत जाऊन लोकरीसारखी गादी करतात. ती गादी हीटसिंकवर बसली की उष्णता कोंडते, फ्लॉपी ड्राइव्हच्या हेडवर बसली की डिस्कवर चरे. वर पावसाळ्यात ओल धरून ठेवती ती वेगळी.

साफ कोरडंच करायचं. चित्रकलेचा रुंद मऊ ब्रश आणि हातभर अंतरावरनं ब्लोअर. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी आणि तेल असतं. घरातल्या व्हॅक्यूमचं प्लॅस्टिकचं तोंड चिपांवर घासू नका, हिवाळ्यात आपल्याकडची हवा लई कोरडी, स्टॅटिक ठिणगी बसती. आधी नळाला हात लावून मग बोर्डाला. नळ लोखंडी पाहिजे, प्लॅस्टिकच्या पाइपचा काय उपयोग नाही.

बटणांच्या टोप्या धुवायच्या तर कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. पण शेवटचं पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. आपलं पाणी जड, वाळल्यावर पांढरे डाग धरतं.

---

नवीपेठ_४७

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक उन्हात ठेवून पांढरं होतं म्हणतात. आपल्याकडे ऊन फुकट आहे. स्पेक्ट्रमला करू का?

---

शेंगाचटणी

स्पेक्ट्रम काळा आहे हो :) त्याला काय पांढरं करणार.

बीबीसी, अमिगा आणि नंतरच्या पांढऱ्या कमोडोरसाठी: ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम मिळतं, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. बोर्ड, धातूच्या पट्ट्या, स्टिकर, स्प्रिंगा सगळं काढून फक्त रिकामं प्लॅस्टिक घ्यायचं. हातमोजे घाला, त्वचा पांढरी पडून चरचरते. क्रीम सारखं लावून पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदात हवा न राहता गुंडाळा, उन्हात ठेवा, दर अर्ध्या तासाने फिरवा.

लोक चुकतात ते महिन्यात. उन्हातले अतिनील किरण हवेत, भाजणारी उष्णता नको. मेच्या उन्हात क्रीम वीस मिनिटांत वाळतं, जिथे वाळलं तिथे संगमरवरासारखे ढगाळ पट्टे उठतात आणि ते परत निघत नाहीत. पातळ झाकण गच्चीच्या तापल्या फरशीवर वाकतंही. हे काम गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांतलं: जानेवारीत आकाश स्वच्छ, ऊन भरपूर, हवा थंड. सकाळी १० ते दुपारी २ पुरतं.

---

मास्तर_निवृत्त

आणि पिवळेपणा काही वर्षांनी परत येतो हेही सांगा. कारण प्लॅस्टिकमध्येच आहे. सरळ उन्हापासून दूर ठेवलेलं, सारखं पिवळं झालेलं यंत्र तसंच राहू द्यावं, असं माझं मत.

---

झेड_ऐंशी

मास्तरांशी सहमत. पट्टे उठलेल्या यंत्रापेक्षा पिवळं यंत्र बरं.

टीव्हीचं सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. स्पेक्ट्रमचा आरएफ सिग्नल (टीव्हीच्या एरियलच्या सॉकेटात जाणारा) यूएचएफच्या ३६ व्या चॅनेलवर येतो. जुन्या भारतीय टीव्हींत नुसता व्हीएचएफ ट्यूनर असेल तर कितीही फिरवा, सापडणार नाही. ब्रिटनचा कमोडोर असेल तर चित्र येईल पण आवाजाची खरखर, कारण तिकडे आवाजाची लहर चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर, आपल्याकडे ५.५ वर.

उपाय: आरएफ सोडून थेट कॉम्पोझिट. पत्र्याच्या छोट्या डबीत, मॉड्युलेटरमध्ये, बोर्डावरून दोन वायरी जातात, एक ५ व्होल्ट, एक व्हिडिओ. दोन्ही सोडवा. ५ व्होल्टच्या टोकाला टेप गुंडाळा. डबीचं झाकण काढून सॉकेटच्या मधल्या पिनेला आतून आलेला रेझिस्टर कापा. व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून (धन टोक बोर्डाकडे) त्या मधल्या पिनेला जोडा. आता तीच जुनी भोकं टीव्हीच्या पिवळ्या एव्ही इनपुटला जातील. डब्याला छिद्र पाडायचं नाही.

काही एलसीडी टीव्ही 'नो सिग्नल' म्हणतात, कारण या यंत्राचा सिग्नल प्रसारणाच्या मापात तंतोतंत बसत नाही. १४ इंची जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही सगळं निमूट दाखवतो. आणि सगळ्या वायरी आधी जोडा, वीज शेवटी. जुन्या वाड्यांत अर्थिंग नसतं, टीव्हीच्या सॉकेटच्या पत्र्यावर गळतीचं व्होल्टेज तरंगतं, चालू यंत्राला केबल लावताना ते व्हिडिओच्या भागातून जातं.

---

नवीपेठ_४७

अ‍ॅडॉप्टर तयार, ध्रुव दोनदा तपासले. लावल्यावर पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या आणि चौकोन. सुरू झाल्यावर येते ती कॉपीराइटची ओळ नाही. लगेच बंद केलं.

---

झेड_ऐंशी

झाकण उचलताना जपून. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच धाग्यांची, एक आठ. वयाने कडक झालेल्या असतात, वाकवल्या की तुटतात. सरळ वर ओढा.

मग खालच्या १६ के मेमरीच्या चिप शोधा, आयसी ६ ते १३, अंगावर ४११६. कोणत्याही एकीवर, १६ नंबरची पिन ग्राउंड धरून: ९ वर +५, ८ वर +१२, १ वर -५. वीज पाच-सात सेकंदच. मीटरची टोकं घसरून दोन पिना जुळल्या तर चिप गेली, म्हणून टोकांना सुईपुरतीच जागा सोडून टेप गुंडाळा.

---

नवीपेठ_४७

९ वर ४.९८. ८ वर ८.७. १ वर शून्य.

---

चाटीगल्ली

टीआर-४. पाठ्यपुस्तकातला आकडा आहे.

---

झेड_ऐंशी

हो. ९ व्होल्टमधून १२ आणि -५ बनवणारा कन्व्हर्टर थांबलाय, म्हणून आलेलंच व्होल्टेज कॉइलमधून तसंच १२ च्या लाइनवर दिसतंय. आता पुन्हा वीज देऊ नका. -५ नसताना वरचं व्होल्टेज मिळणं हेच ४११६ चं मरण.

टीआर-४ म्हणजे झेडटीएक्स ६५०, शेजारचा टीआर-५ म्हणजे झेडटीएक्स २१३. दोन्ही बदला. इथे मिळाले नाहीत तर पुण्याच्या बुधवार पेठेत (आपल्या नव्हे) किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. पायांचा क्रम डेटाशीटवरून जुळवूनच पर्याय घ्या.

पण नवा लावण्याआधी तो कशाने गेला ते पाहा. वीज बंद ठेवून पिन ८ आणि १६ मध्ये ओहम मोजा. शून्याजवळ आलं तर एखादी ४११६ आत शॉर्ट आहे, ती नव्या ट्रान्झिस्टरलाही घेऊन जाईल. कॉइलची बारीक तार मुळाशी तुटलेली असते, तीही भिंगाने बघा. चालू यंत्रात मागच्या कनेक्टरला जॉयस्टिकचं कार्ड लावलं-काढलं तरी टीआर-४ जातो, ही सवय कायमची सोडा.

---

नवीपेठ_४७

पिन ८ ते १६ शॉर्ट नाही. दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले. आता ५.०१, १२.१, -५.१. पडदा अजून चौकोनांचा, पण एक चिप बोटाला चटका देते, बाकी सात कोमट.

---

शेंगाचटणी

तीच. उपसायला जाऊ नका. बारीक कटरने सोळाही पाय चिपच्या अंगालगत कापा, मग एकेक पाय सोल्डरगनने वरून ओढा, भोक साफ करा, १६ पिनांचं सॉकेट बसवा. चिपची खाच बाकीच्यांच्याच दिशेला. जागी ४११६ च लावा, ४१६४ नाही. ४१६४ च्या ८ नंबरच्या पिनेला +५ लागतात आणि तुमच्याकडे तिथे १२ आहेत.

---

नवीपेठ_४७

कॉपीराइटची ओळ आली!

---

झेड_ऐंशी

वा! अजून एक तपासणी. वरची ३२ के मेमरी खराब असली तरी यंत्र सुरू होतं, फक्त गप्प राहून कमी मोजतं. टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के. ३२७६७ आलं तर वरच्या बाजूत, आयसी १५ ते २२ मध्ये किंवा त्यांच्या जोडणीत शोधायचं. तिथे मात्र ४१६४ चालते.

---

नवीपेठ_४७

६५५३५. आता कॅसेट. मोबाइलवरून फाइल वाजवतोय, कडेला लाल-आकाशी पट्टे येतात, मग निळे-पिवळे, आणि मध्येच 'टेप लोडिंग एरर'.

---

अशोकचौक_लूम

पट्टे येतात म्हणजे वायर बरोबर हाय. फाइल एमपी-३ असंल तर टाकून द्या, डब्ल्यूएव्ही घ्या, दाबलेल्या फाइलीत लहरींच्या कडा गोल होतात. आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, फोन विमान मोडवर, नायतर मेसेजचा टिंग पण प्रोग्राम म्हणून वाचंल. फोनचा आवाज तरी कमी पडतो, मधी छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावा.

खरी कॅसेट असंल तर आधी प्लेअरचा पट्टा बघा, काळा चिकट गोळा झालेला असतो. हेड अल्कोहोलनं पुसा. मग हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू, आधीच्या जागेवर नेलपॉलिशची खूण करून, पाव-पाव आटा फिरवा. किणकिण सगळ्यात धारदार ऐकू येईल तिथं थांबा. आणि सेव्ह करताना इअरची पिन काढून ठेवा.

---

डाळिंब_बागाईत

हे सगळं करून परत माळ्यावर ठेवायचं असेल तर?

---

मास्तर_निवृत्त

पत्र्याच्या खोलीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर नको, मेमध्ये तिथे भट्टी असते. घरातलं खालचं कपाट, भिंतीपासून चार बोटं दूर. वाळवी भिंतीकडून येते आणि मूळ पुठ्ठ्याचा खोका आधी खाते. खोका वेगळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत, सोबत सिलिका जेल. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते. अ‍ॅडॉप्टरची वायर यंत्राभोवती गुंडाळू नका, वायरीतला मऊपणाचा द्रव प्लॅस्टिकमध्ये उतरून कायमचे वळ पडतात. रबर बँडचंही तेच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, काढून तासभर चालवा.

---

नवीपेठ_४७

डब्ल्यूएव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर. लोड झालं. आता ५, ६ आणि टी ही बटणं दाबली जात नाहीत.

---

झेड_ऐंशी

५ आणि टी पाच धाग्यांच्या पट्टीच्या एकाच रेषेवर आहेत, ६ सुद्धा दुसऱ्या बाजूने त्याच रेषेवर येतो. म्हणजे एकच धागा तुटलाय. जी, व्ही, वाय, एच आणि बी पण दाबून पाहा, तीही मेली असतील. तडा कनेक्टरजवळच असेल तर पट्टीचं टोक कात्रीने सरळ ५ मिलिमीटर कापून पुन्हा खोचा. लांबी पुरली नाही तर नवी मेम्ब्रेन (बटणांखालचा, या पट्ट्या असलेला पातळ पडदा) मागवा.